मालदांडीची बिअर: जानेवारी ते मे २०२४ च्या नोंदी

८ जानेवारी २०२४

काल मंगळवेढ्याला चुलतभावाच्या शेतावर हुरडा खाल्ला. आगटीतून काढलेलं कणीस तळहातावर चोळलं की कोवळ्या दाण्याचा जो वास येतो, गोडसर, दुधाळ, किंचित हिरवा, तो परतीच्या वाटेवर पुण्यापर्यंत बोटांना होता. दहा वर्षं मी बिअर करते आहे. बार्ली, गहू, ओट, तांदूळ, सगळं मॅशमध्ये, म्हणजे भरडलेल्या धान्याच्या गरम पाण्यातल्या लगद्यात, घालून झालं. जिच्यावर वाढले ती मालदांडी ज्वारी मात्र एकदाही घातली नाही.

आमच्या ब्रूपबचे मालक गेलं वर्षभर ‘मिलेट बिअर कर’ म्हणून मागे आहेत. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, तेव्हापासून हा विषय निघतो आणि मी टाळते. कारण पाट्यांवर नाव धान्याचं असतं आणि मॅशमध्ये ते मूठभर असतं, हे मी पाहिलं आहे. आज त्यांना सांगितलं, करते, पण एका अटीवर. एकूण धान्यात ज्वारी किमान ३० टक्के असेल, आणि ती चवीत कळली पाहिजे. नाही कळली तर टॅपवर चढणार नाही. ते हो म्हणाले. म्हणून ही वही.

५० लिटरच्या चाचणी भांड्यात सुरुवात, जमलं तर ५०० लिटर.

१२ जानेवारी

वाचन आणि आकडेमोड.

ज्वारीची बिअर हा नवा शोध नाही, हे आधी स्वतःला बजावलं. ज्वारी मूळची आफ्रिकेची आणि तिची बिअरही तिथलीच. दक्षिण आफ्रिकेतली उम्कोम्बोथी गढूळ, आंबटसर असते आणि आंबणं चालू असतानाच पितात. बुर्किना फासोमध्ये डोलो करतात, तो धंदा परंपरेनं बायकांच्या हातात आहे. नायजेरियानं १९८८ मध्ये बार्ली माल्टची (मोड आणून वाळवलेल्या बार्लीची) आयात बंद केली, तेव्हा तिथल्या मोठ्या कारखान्यांना ज्वारीवर यावंच लागलं. स्टार्चची साखर करणारे एन्झाइम बाहेरून घालून त्यांनी स्वच्छ, सोनेरी लागर ज्वारीतून काढली. आपल्याकडे ज्वारीची आंबील आहे, कण्या आहेत, आंबवण्याची समज घराघरात आहे. बिअरपर्यंत आपण गेलो नाही, एवढंच.

ज्वारीला मोड आणून तिचा माल्ट करायचा का? नाही. ज्वारीच्या माल्टमध्ये बीटा अमायलेज हे एन्झाइम कमी, त्यामुळे स्टार्चची साखर नीट होत नाही. शिवाय ज्वारीच्या कोंबात सायनाइड देणारं द्रव्य असतं. कोवळी ज्वारी खाऊन गुरांना बाधते, ती याच द्रव्यानं. मोड आणले तर कोंब आणि मुळं झाडून काढावी लागतात. माझ्याकडे माल्ट करण्याची सोय नाही, आणि अशा बाबतीत अंदाजानं काम करणार नाही. म्हणजे ज्वारी कच्ची, आणि तिचा स्टार्च मोडायचं काम बार्लीच्या एन्झाइमनी करायचं.

इथे आपला राजस्थान-हरियाणाकडचा सहा-ओळी (कणसात दाण्यांच्या सहा रांगा असलेल्या) बार्लीचा माल्ट कामाला येईल. आमच्या धंद्यात त्याला जरा खालचा मानतात, सगळे जर्मन आणि बेल्जियन पोत्यांकडे बघतात. पण सहा-ओळी बार्लीत एन्झाइमची ताकद दांडगी असते. दुसऱ्या धान्याचं ओझं वाहायला हाच माल्ट बरा.

मालदांडीबद्दल एक नोंद. आज सगळीकडे पेरतात तो ‘मालदांडी ३५-१’ वाण मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडून १९३० च्या दशकात तयार झाला. त्याला नव्वद वर्षं होत आली, तरी रब्बीत अजून तोच. दाणा पांढरा, टपोरा, तुरटपणा जवळजवळ नाही. बिअरला हेच हवं.

१९ जानेवारी — चाचणी १

माल्ट ७.४ किलो, ज्वारी ३.२ किलो, रव्यासारखी भरडलेली. दोन्ही एकत्र, ६६ अंशांवर तासभर.

तासानं आयोडीन चाचणी. थेंब काळा-निळा. अर्धा तास वाढवला, तरी निळाच. स्टार्च मोडलेलाच नाही.

मग गाळणी बसली. ज्वारीला बार्लीसारखं टरफल नसतं, त्यामुळे चाळणीवर थर पोकळ राहत नाही, चिखल होतो. वर्ट, म्हणजे मॅशमधून गाळलेला गोड रस, थेंबथेंब. वरून ढवळलं, खालून गरम पाणी सोडलं, सुरीनं थर कापला. तीन तास गेले. ग्रॅव्हिटी (रसातल्या साखरेचं माप) हवी होती १.०४६, मिळाली १.०३४. जवळजवळ तेवढी तर नुसत्या माल्टचीच आली असती. म्हणजे ज्वारी नुसती भिजून पडली होती.

रजिस्टरला नोंद करून ओतून दिली.

२० जानेवारी

काय चुकलं ते कळत होतं. ज्वारीचा स्टार्च साधारण ७० अंशांच्या वर फुलतो आणि बार्लीचे एन्झाइम त्या तापमानाला मरू लागतात. हे पुस्तकात वाचलं होतं. भरड बारीक आहे, थोडं तरी निभेल, असं मी धरून चालले.

दुपारी किचनमध्ये स्टाफच्या जेवणाच्या भाकऱ्या चालल्या होत्या. मावशींना विचारलं, पीठ मळायला पाणी उकळतं का घेता?

“मग काय गारढोण घेऊ? ज्वारीला आधण लागतं, बाई. गार पाण्यात मळलं तर थापता थापता भाकरी तुटती. आन पीठ जुनं असलं, त्याची विरी गेली असली, तर आधण अजून जास्त.”

विरी म्हणजे चिकटपणा, धरून ठेवण्याची ताकद. गव्हात ती ग्लुटेनमुळे येते. ज्वारीत ग्लुटेन नाही, म्हणून उकळत्या पाण्यानं तिचा स्टार्च अर्धवट फुलवून चिकटपणा आणायचा. मावशी रोज चाळीस भाकऱ्यांसाठी जे करतात ते मी ३.२ किलोसाठी केलं नव्हतं. घरी आम्ही कण्या करायचो, त्याही आधी रटरट शिजवायच्या आणि मग ताक घालायचं. मॅशमध्ये जाण्याआधी ज्वारीच्या कण्या व्हायला हव्यात.

२ फेब्रुवारी — चाचणी २

ज्वारी ३.२ किलो, कण्यांच्या जाडीची भरड. त्यात माल्ट ०.३ किलो, पाणी १४ लिटर. हा थोडा माल्ट महत्त्वाचा. ७० अंशांवर १५ मिनिटं ठेवलं, त्याच्या अल्फा अमायलेजनं पातळपणा आला. नाहीतर उकळताना लापशी इतकी घट्ट होते की तळाला धरते. मग अर्धा तास उकळी, सतत ढवळत. खोलीभर कण्यांचा वास. मदतनीस मुलगा बार्शीचा आहे. तो म्हणाला, “मॅडम, ताक आणू का?”

तोवर उरलेला ७.१ किलो माल्ट दुसऱ्या भांड्यात ५२ अंशांवर थांबलेला. उकळत्या कण्या त्यात ओतल्या, म्हणजे सगळं मिळून ६६ वर यावं.

आलं ७० वर. कण्या थोड्या निवू द्यायला हव्या होत्या. गार पाणी घालेपर्यंत दहा मिनिटं गेली, आणि त्या दहा मिनिटांत बीटा अमायलेजचं नुकसान झालं.

गाळणीसाठी भाताचा तूस आणला होता, कामशेतच्या गिरणीतून, अर्धा किलो, धुऊन. इंद्रायणीचा असावा, मावळात बहुतेक तोच. वर्ट ५० मिनिटांत निघाली, स्वच्छ. आयोडीन पिवळाच राहिला. ग्रॅव्हिटी १.०४७!

हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) फक्त जर्मन हॅलरटाऊ, कडूपणा आयबीयू या मापात १८ च्या आसपास. जास्त हॉप्स घातले तर ज्वारी ऐकूच येणार नाही. यीस्ट साधं, अमेरिकन एल प्रकारच्या बिअरचं, आंबवणं १८ अंशांवर.

१६ फेब्रुवारी

चाचणी २ ची चव. आंबून ग्रॅव्हिटी १.०१७ वर अडकली, अपेक्षा १.०१० ची होती. मॅश ७० वर गेल्याची किंमत. अल्कोहोल ४ टक्क्यांच्या आत, तोंडात जड, गोड.

आणि लोण्याचा वास. डायअसेटिल. नमुना ६० अंशांपर्यंत गरम करून हुंगला, तर तूप कढवल्यासारखा. कारण पटण्यासारखं आहे. ज्वारीतून यीस्टला वापरता येणारा नायट्रोजन कमी मिळतो, त्यातही व्हॅलिन हे अमिनो आम्ल कमी पडलं की यीस्ट स्वतः ते बनवू लागतं आणि त्या वाटेवर डायअसेटिल तयार होतं. पुढच्या वेळी थोडं यीस्ट-खाद्य, आणि शेवटी तीन दिवस तापमान २१ वर, म्हणजे यीस्ट ते परत खाऊन टाकेल.

पण या सगळ्याच्या खाली ज्वारी होती. पहिल्या घोटात नाही, गिळल्यानंतर जिभेच्या मागच्या बाजूला, भाकरीच्या पापुद्र्यासारखी. मदतनीसालाही लागली, मी न सांगता.

२१ फेब्रुवारी

मालकांबरोबर बैठक, पाटीवर काय लिहायचं यावर. दोन गोष्टींवर वाद झाला. दोन्ही इथे लिहून ठेवते, कारण पुन्हा निघणार.

पहिली, ‘ग्लुटेन-फ्री’. मालकांचं म्हणणं, ज्वारीत ग्लुटेन नाही, मग लिहू या. ज्वारीत नाही हे खरं, पण दोन तृतीयांश धान्य बार्ली आहे आणि बार्लीत आहे. सीलिअॅकचा (ग्लुटेन न सोसण्याचा) त्रास असलेल्या माणसानं पाटीवर विश्वास ठेवून ग्लास उचलला तर तो आजारी पडेल. हे मी लिहू देणार नाही. शंभर टक्के ज्वारीची बिअर करायची असेल तर ते वेगळं काम आहे, वेगळी भांडी, वेगळे एन्झाइम. त्यांनी ऐकलं. नाराज होते, पण ऐकलं.

दुसरी, ‘मंगळवेढ्याची ज्वारी’. मला स्वतःलाच हे लिहायचं होतं. धान्य तिथलंच आहे, माझ्या भावाच्या शेतातलं. पण मंगळवेढा ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि ते नाव वापरायचं तर नोंदणीकृत वापरकर्ता असावं लागतं. भावाची नोंदणी नाही. तिथल्या शेतकऱ्यांनी ज्या नावासाठी धडपड केली ते नाव मी नोंदणीशिवाय बिअरच्या पाटीवर टाकणं बरोबर नाही. पाटीवर ‘मालदांडी ज्वारी एल’. भावाला नोंदणीचं बघायला सांगितलं आहे.

नावांचा विषय निघाला म्हणून. पुण्यात क्राफ्ट बिअर रुजली ती २००९ साली डूलॅली या ब्रूपबपासून. तो इंग्रजी शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आला. मायदेशी परतणारे गोरे सैनिक तिथल्या छावणीत जहाजाची वाट बघत महिनोन्‌महिने अडकायचे, त्यांचं डोकं फिरायचं, त्यावरून. या धंद्याचं शहरातलं पहिलं नावच एका मराठी गावाचं, ते इंग्रजीतून फिरून परत आलं. ‘मालदांडी’ला तो वळसा नको.

३ मार्च

मंगळवेढा. काढणी झाली आहे, कडबा रचून ठेवलाय. गेल्या वर्षी पाऊस कमी, ऑगस्ट तर कोरडाच गेला. भाऊ म्हणाला, उतारा कमी आलाय. तरी आला. इथली जमीन खोल काळी. रब्बीची ज्वारी जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर येते, पाणी द्यायची सोय बहुतेक ठिकाणी नाहीच. पाण्याची एवढी काटकसर करणारं धान्य, आणि ते मी जिथे एक लिटर बिअरमागे चार-पाच लिटर पाणी लागतं तिथे नेते आहे. हा विचार तिथून निघेपर्यंत डोक्यात होता. वर्ट थंड करणाऱ्या कूलरचं गरम झालेलं पाणी आम्ही पुढच्या मॅशला वापरतो. भांडी धुण्याचं शेवटचं पाणीही कुठेतरी परत वापरता येईल. यावर वेगळं काम करायचं आहे.

येताना गावात भडभुंज्याच्या भट्टीवर थांबले. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या करतात, त्या इतर वेळीही करून देता का, विचारलं. कारण परवा रात्री सुचलं. लाही म्हणजे दाण्यातल्या पाण्याची वाफ होऊन आतून फुललेला स्टार्च. ते शिजणंच आहे. बिअरवाले फुलवलेला गहू, फुलवलेली बार्ली थेट मॅशमध्ये घालतात, वेगळं शिजवावं लागत नाही. मग लाह्या का नकोत?

भट्टीवाले काका म्हणाले, मालदांडी लाहीला तितकी चांगली नाही, लाहीची ज्वारी बारीक आणि टणक लागते, हिच्यात गणंग (न फुटलेले दाणे) फार राहील. राहिलंच, पण चाळून काढलं. गरम वाळूतून निघालेल्या लाह्यांना भाजकट वास होता, आणि तो कण्यांमध्ये नव्हता. चार किलो घेतल्या.

९ मार्च — चाचणी ३

माल्ट ७.२, कण्या २.६, लाह्या ०.८ किलो. ज्वारी सगळी मिळून ३२ टक्के.

कण्या शिजवून ९० अंशांपर्यंत निववल्या, मग ओतल्या. ६७. हवं तेच. लाह्या शेवटी, हातानं, थोड्या थोड्या. बादलीभर होत्या, पाण्यावर तरंगत राहिल्या, पाच मिनिटांत विरघळल्या. तूस अर्धा किलो. अडचण कुठेच नाही.

१.०४६.

२७ मार्च

धुळवडीच्या गर्दीत चार दिवस वही उघडली नाही.

चाचणी ३ काल केगमधून काढली. ग्रॅव्हिटी १.०१०, म्हणजे ४.७ टक्के अल्कोहोल. ५ च्या आत ठेवायचीच होती, त्यापुढे ती स्ट्राँगमध्ये जाते आणि मला दुपारी जेवणाबरोबर पिता येईल अशी हवी आहे. लोणी नाही. रंग फिकट पिवळा, थोडी गढूळ. नाकाला आधी लाह्या, मग हॉप्सचा गवती वास. घोटात भाकरी. तव्यावरची नाही, निखाऱ्यावर फुगवलेली, जिथे काळा ठिपका पडतो ती.

सहा जणांना तीन-तीन ग्लास दिले, दोन सारखे, एक वेगळा. वेगळी कोणती ते ओळखायचं. सोबतची बिअर फक्त बार्लीची, ग्रॅव्हिटी आणि हॉप्स तेच. पाच जणांनी बरोबर ओळखली. सहा म्हणजे फार थोडे लोक, पण जानेवारीतली अट पुरी झाली असं मी धरते. मालकांनी दुसरा ग्लास मागितला आणि पाटीबद्दल काही बोलले नाहीत.

९ एप्रिल

पाडवा. आंब्याची व्हीट बिअर संपली, टाकी मोकळी झाली. ५०० लिटरसाठी १८ तारीख ठरली.

१८ एप्रिल — ५०० लिटर

माल्ट ७१, कण्या २६, लाह्या ८ किलो.

मोठ्या यंत्रणेत धान्य शिजवायचं वेगळं भांडं नाही. उपाय असा की केटल (वर्ट उकळायचं भांडं) मॅशच्या वेळी रिकामीच असते, तिच्यातच कण्या शिजवायच्या आणि पंपानं मॅश टनमध्ये, म्हणजे मॅशच्या भांड्यात, ढकलायच्या. वाफेच्या जॅकेटची केटल, तळाला धरण्याची भीती कमी. शिजवणं उत्तम झालं.

ढकलणं नाही. पंप दुसऱ्याच मिनिटाला तुंबला. पाइप उघडला तर आत कण्यांचा गोळा, ९० अंशांचा. मदतनीसाला मागे उभं केलं. बादल्यांनी नेऊ म्हणत होता, नाही म्हटलं. चिकट, उकळती लापशी अंगावर उडाली तर कातडीला धरून बसते. पंप सोडवला, केटलमध्ये ३० लिटर गरम पाणी वाढवलं, पुन्हा सुरू. गेली. पण ४० मिनिटं मोडली, आणि तेवढा वेळ माल्ट ५२ अंशांवर बसून राहिला. इतका वेळ तिथे राहिला की फेस धरणारी प्रथिनं मोडतात. फेस कमी येणार.

बाकी सुरळीत. तूस ५ किलो. १.०४५.

चोथा संध्याकाळी नेहमीचे गोठेवाले घेऊन गेले. त्यांनी मूठभर हातात घेऊन हुंगला आणि म्हणाले, आज कडब्याचा वास येतोय. मी त्यांना ज्वारीचं सांगितलेलं नव्हतं.

२९ एप्रिल

उन्हाळा कडक. चिलर दिवसभर धापा टाकतोय, दुपारी दुसऱ्या टाक्या एक-दीड अंशानं वर जातात. ज्वारीच्या टाकीला आधी थंडावा, बाकीच्यांना नंतर, असं वेळापत्रक लावलं. २१ वर तीन दिवस झाले, गरम नमुन्यात लोणी नाही. आजपासून २ अंशांकडे.

९ मे

१.०१०. चव चाचणी ३ सारखीच, लाह्या किंचित कमी. फेस भीती होती तसाच, येतो आणि दोन मिनिटांत बसतो. पुढच्या वेळी माल्ट ५२ वर आधीपासून ठेवायचाच नाही. कण्या शिजत आल्या की मगच भिजवायचा.

मालकांना उद्या, अक्षय तृतीयेला लावायची होती. पण पुण्यात १३ ला मतदान, आणि मतदान संपेपर्यंतचे ४८ तास विक्री बंद. म्हणजे ११ च्या संध्याकाळपासून टॅप बंद. एक दिवस लावून दोन दिवस झाकून ठेवायची नाही. १४ ला.

१४ मे

संध्याकाळी पाचला चढवली. पाटीवर ‘मालदांडी ज्वारी एल, ४.६ टक्के, ज्वारी ३२ टक्के, बार्लीही आहे’. शेवटचे दोन शब्द माझ्या हट्टानं.

रात्री साडेअकरापर्यंत ३८ लिटर. मंगळवारी हे आम्हाला पुष्कळ. बऱ्याच जणांनी फिकी आहे म्हणून परत हॉप्सवाली मागितली, तेही लिहून ठेवते. एका टेबलावर साठीचे गृहस्थ होते. एक ग्लास सावकाश प्यायले, मग पिठलं-भाकरी मिळेल का विचारलं. मेनूत नाही. मावशींनी स्टाफच्या भाकऱ्यांतली एक, ठेच्यासोबत, बाहेर पाठवली.

मावशी बिअर पीत नाहीत. त्यांना ग्लास हुंगायला दिला. म्हणाल्या, “लाह्या करपल्यात जरा.” खरं आहे. पुढच्या खेपेला भट्टी थोडी मंद.

रात्री भावाला फोन केला, तीन पोती राखून ठेव म्हटलं. त्यानं विचारलं, “कण्यांना किती आणि लाह्यांना किती?”